वाचकांचे प्रश्न : एका वाफ्यात अनेक वाटाणे

परसबागेत वाटाण्याचे एकाहून अधिक वाण लावण्याविषयी गेल्या काही अंकांपासून पत्रे येत आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांत एकच धास्ती दिसते : शेजारी-शेजारी लावलेले वाण एकमेकांना बिघडवतील की काय? या धास्तीत तथ्य फार थोडे आहे. पराग एवढे उपद्रवी नसतात. अडचण येते ती वेलांच्या उंचीतील फरकामुळे, शेंगा तयार होण्याच्या वेळेमुळे आणि तोडणाऱ्याच्या हातामुळे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी एकाच वाफ्यात दोन ओळी पेरल्या आहेत. एक सोलून दाणे काढण्याच्या वाटाण्याची आणि दुसरी सालीसकट खाण्याच्या चपट्या शेंगांच्या वाटाण्याची. बागकामातील एका जाणत्या व्यक्तीने सांगितले की, फुलांत पराग मिसळले म्हणजे चपट्या शेंगाही चिवट होतील. आता एक ओळ उपटून टाकावी का?

उत्तर : कृपया उपटू नका. यंदाच्या शेंगांवर शेजारच्या ओळीचा काहीही परिणाम होणार नाही, आणि त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण फुलाच्या रचनेत आहे. उद्या उमलेल असे वाटणारी एक कळी तोडून हातात घ्या. वरची मोठी पाकळी आणि बाजूच्या दोन पाकळ्या नखाने अलगद दूर केल्या की आत नावेच्या आकाराची, दोन पाकळ्या जुळून झालेली एक बंद पिशवी दिसते. ती सुईच्या टोकाने चिरली की दहा पुंकेसर दिसतात. त्यांतील नऊ तळाशी एकमेकांना जुळून इवल्याशा हिरव्या शेंगेभोवती म्यानासारखे बसलेले असतात आणि दहावा सुटा असतो. परागकोश बहुधा याआधीच फुटलेले असतात आणि स्त्रीकेसराच्या वाकलेल्या, लव असलेल्या टोकावर पिवळसर भुकटी चिकटलेली दिसते. म्हणजे फूल उमलून मधमाशीला दिसण्यापूर्वीच त्याचे परागीकरण स्वतःच्याच परागांनी उरकलेले असते. बाहेरचे पराग आत पोहोचण्याचे प्रसंग येतात, परंतु अगदी क्वचित. सर्वसाधारणपणे शंभरात एकाहून कमी.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. समजा, एखाद्या फुलात परके पराग शिरलेच, तरी त्यांचा वाटा फक्त दाण्याच्या आतल्या गर्भापुरता असतो. शेंगेची साल ही सर्वस्वी मातृवेलाची असते. ती कोवळी राहणार की चिवट होणार, हे त्या वेलाच्या बियाण्यात आधीच ठरलेले असते. सोलण्याच्या वाटाण्याच्या सालीला आतून कागदासारखा एक कडक पापुद्रा असतो. सोललेली साल चावून पाहिली तर तोच दातांत अडकतो. चपट्या शेंगांच्या वाणांत हा पापुद्रा जवळजवळ नसतोच, आणि शेजारच्या परागांमुळे तो यंदा उगवत नाही.

चपट्या शेंगा चिवट लागल्याच, तर तीन शक्यता तपासाव्यात. तोडणीस उशीर झाला असेल, हवा तापली असेल, किंवा मुळात बियाण्यातच भेसळ असेल. फूल गळून साधारण आठवडा झाला आणि आतले दाणे सालीवर नुसत्या ठिपक्यांसारखे उठून दिसू लागले की या शेंगा तोडायच्या असतात. दाणे फुगेपर्यंत थांबले की शिरेचा दोर जाड होतो आणि साल कोरडी पडते. वाफ्यातील बाकी सगळे वेल कोवळ्या शेंगा देत असतील आणि एकच वेल चिवट निघत असेल, तर मात्र भेसळीचा संशय घ्यावा.

प्रश्न : दोन वाणांचे बी एकत्र कालवून एकाच ओळीत टोकले तर जागा वाचेल का?

उत्तर : जागा वाचेल, पण वेळ वाचणार नाही. हा प्रयोग मी स्वतः केला आहे आणि फसलो आहे. एक वाण सोलण्याचा होता आणि दुसरा जाड, रसाळ सालीचा, म्हणजे ज्याला ‘स्नॅप’ वाटाणा म्हणतात तो. दोन्हींची फुले पांढरी, दोन्हींची पाने सारखी, आणि शेंगा भरेपर्यंत दोन्ही दिसायलाही सारख्याच. पहिल्या तोडणीला मी टोपली भरून आणली, सालीसकट खाण्यासाठी शिरा काढून ठेवल्या, आणि निम्म्या शेंगा चावता चावता टाकून द्याव्या लागल्या. पुढचे दोन आठवडे प्रत्येक शेंग मोडून पाहूनच टोपलीत टाकत होतो. कडकन मोडली तर सालीसकट खायची आणि आतला पापुद्रा ताणला गेला तर सोलायची, असा क्रम होता. दाटीत उभे राहून हे काम करणे कंटाळवाणे होते, हे वेगळे सांगायला नको.

यामागची अडचण अशी की, वाटाण्याच्या तीन प्रकारांच्या तोडणीची खूण तीन प्रकारची आहे. चपटी शेंग दाणे भरण्यापूर्वी तोडायची, स्नॅपची शेंग दाणे भरून गोल झाल्यावर पण सालीची चकाकी जाण्यापूर्वी तोडायची, आणि सोलण्याची शेंग बोटांत धरल्यावर भरीव लागली, पण तिचा हिरवेपणा फिका पडलेला नसला की तोडायची. हात एका खुणेला सरावला की तो दुसऱ्या वाणाची शेंग एक तर लवकर तोडतो किंवा वेलावर विसरतो. विसरलेली शेंग नुसती वाया जाते असे नाही. तिच्यातले दाणे पिकू लागले की तो वेल आपली शक्ती त्या बियांकडे वळवतो आणि नवी फुले धरणे मंदावते. त्यामुळे दाट वेलांत लपून राहिलेल्या चार-पाच शेंगा त्या वेलाचा पुढचा बहर खाऊन टाकतात.

तरीही एकत्र पेरायचेच असेल, तर डोळ्यांना लांबून फरक कळेल असे वाण निवडावेत. जांभळ्या शेंगांचे आणि पिवळसर शेंगांचे वाण मिळतात. हिरव्या शेंगांच्या वाणाबरोबर त्यांतील एखादा पेरला तर गोंधळ होत नाही, आणि हिरव्या पानांत जांभळी शेंग चटकन दिसत असल्यामुळे वेलावर विसरली जाण्याचा प्रश्नही बराच कमी होतो. तथापि, माझा सल्ला विचाराल तर वाफा एकच ठेवा आणि तुकडे वेगळे ठेवा. एका वाणाचा हातभर पट्टा, मग वीतभर मोकळी जागा, मग दुसऱ्याचा पट्टा. एवढ्या मोकळ्या जागेने पीक फारसे कमी होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे एक बुटका वाण आहे, तो गुडघ्याच्या वर जात नाही; दुसरा मात्र माझ्या डोक्याइतका वाढतो. दोन्ही एकाच जाळीवर चढवता येतील का?

उत्तर : चढवता येतील, पण बुटक्या वाणाला ऊन कोणत्या बाजूने मिळणार, हे आधी ठरवावे लागेल. उंच वेलांची भिंत तयार झाली की तिच्या सावलीत बुटके वेल पिवळे पडतात, फुले कमी धरतात आणि ओल टिकून राहिल्यामुळे खालची पाने कुजतात. म्हणून जास्त वेळ ऊन येते त्या बाजूला बुटका वाण आणि त्याच्या मागे उंच वाण, अशी रचना ठेवावी. दोन ओळींतील अंतर ठरवण्याचा एक जुना ठोकताळा असा आहे की, वाण जितका उंच, साधारण तितके अंतर पुढच्या ओळीपर्यंत सोडावे. लहान बागेत ते तंतोतंत पाळणे शक्य नसते, परंतु उंच ओळीला निदान हात घालून तोडता येईल एवढी वाट तरी हवीच.

उंचीतला हा फरक लहानसहान नाही. सुमारे दीड फुटाच्या बुटक्या वाणापासून सहा-सात फुटांच्या उंच वाणापर्यंत तो पसरलेला आहे, आणि त्यामागे मुख्यतः एका जनुकाचा खेळ आहे. बुटक्या वाणात जिबरेलिन नावाचे वाढीचे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही. त्यामुळे पेऱ्यांची संख्या तेवढीच राहते, पण दोन पेऱ्यांमधले अंतर आखूड होते. बुटक्या वेलाला खत वाढवून उंच करण्याचा प्रयत्न काही वाचक करतात. त्याने वेल उंच होत नाही, फक्त पाने माजतात.

आधाराविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. वाटाण्याचा वेल स्वतः आधाराला वेढे घालून चढत नाही. पानाच्या टोकाशी असलेले तणावे आधाराला गुंडाळले जातात आणि वेल त्यांच्या बळावर उभा राहतो. हे तणावे बारीक असल्याने पेन्सिलीपेक्षा जाड काठी त्यांच्या कवेत मावत नाही. जाड बांबू रोवून वेल चढत नाही म्हणून हवालदिल झालेल्या वाचकांनी त्याच बांबूंना आडवी सुतळी, तार किंवा जाळी बांधावी. दोन-तीन दिवसांत फरक दिसेल. बुटक्या वाणासाठी छाटणीतल्या फाटेफुटे असलेल्या वाळक्या डहाळ्या रोवणे पुरते. काही वाणांत पर्णिकांच्या जागीही तणावेच फुटलेले असतात. ते दिसायला पान झडलेल्या वेलासारखे असले, तरी दाट लावले की एकमेकांना धरून उभे राहतात आणि त्यांना आधार फारसा लागत नाही. असा वाण इतर वाणांच्या मध्ये मात्र लावू नये, कारण तो शेजाऱ्यांनाही तितक्याच घट्ट धरतो आणि तोडणीच्या वेळी ओढाताणीत दोघांचेही वेल मोडतात.

प्रश्न : सगळे वाण एकाच दिवशी पेरावेत की थोड्या थोड्या दिवसांनी?

उत्तर : लवकर येणारा, मध्यम आणि उशिरा येणारा, असे तीन वाण असतील तर एकाच दिवशी पेरणे सोपे पडते; लवकर येणारा साधारण ५५ ते ६० दिवसांत आणि उशिरा येणारा त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी शेंगा देऊ लागतो. एकच वाण हप्त्याहप्त्याने पेरला, तर मागाहून पेरलेला वाढत्या उष्णतेत भराभर वाढून आधीच्याला गाठतो आणि अपेक्षित अंतर राहत नाही. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ लागले की फुले गळतात, म्हणून उशिरा येणाऱ्या वाणाची पेरणी लांबवू नये.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. माती अजून थंड आणि ओली असेल तर गुळगुळीत गोल बियांचे वाण आधी पेरावेत. सुरकुतलेल्या बियांत साखर जास्त असते, ते खायला गोड असतात, पण गार चिखलात लवकर कुजतात. माती थोडी ऊबदार झाल्यावर ते पेरावेत. खोली दोन्हींना ३ ते ५ सेंटिमीटर पुरते.

प्रश्न : मी चार वाण शेजारी लावले आहेत आणि चारही वाणांचे बी धरायचे आहे. त्यांत किती अंतर हवे?

उत्तर : परागांचा विचार करायचा असतो तो येथे. यंदाच्या शेंगांवर परिणाम होत नसला, तरी परक्या परागांपासून झालेला दाणा पुढच्या वर्षी पेरला की त्याचा वेल वेगळा निघतो.

या प्रश्नावर सर्वांत मोठा अनुभव ज्या माणसाच्या गाठी होता, त्याने आपले निष्कर्ष दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहेत. ग्रेगोर मेंडेल यांनी आज ब्रनो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरातील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले. त्यांनी बियाणे विक्रेत्यांकडून ३४ वाण मिळवले, दोन वर्षे पेरून ते आपल्या गुणांना धरून राहतात की नाही हे पाहिले, आणि त्यांतले २२ संकरासाठी ठेवले. हे वाण एका लहानशा बागेत एकमेकांच्या शेजारीच वाढत होते. आपल्या परागीकरणात बाहेरचे पराग घुसतात की काय, हे तपासण्यासाठी त्यांनी काही कुंड्या काचघरात ठेवल्या होत्या. दहा हजारांहून अधिक झाडे बारकाईने पाहिल्यावर परक्या परागांची निःसंशय उदाहरणे त्यांना अगदी मोजकी सापडली. त्यांना काळजी होती ती मधमाशीपेक्षा वाटाण्याच्या भुंगेऱ्याची. त्याची मादी फुलात अंडी घालताना ती नावेसारखी पिशवी उघडते आणि परागांना वाट करून देते, असे त्यांनी नोंदवले आहे.

तेव्हा घरच्या बियाण्यासाठी मी पुढीलप्रमाणे करतो. प्रत्येक वाणाचा एक सलग ठोकळा लावतो, लांब एकेरी ओळ नाही. कारण ठोकळ्याच्या मधल्या वेलांना सर्व बाजूंनी आपल्याच वाणाचे शेजारी मिळतात. दोन ठोकळ्यांच्या मध्ये दोन-तीन मीटर अंतर मिळाले तर उत्तमच; नाही मिळाले तर मध्ये एखादे उंच, वेगळ्या जातीचे पीक लावतो. खाण्याच्या शेंगा कडेच्या वेलांवरून तोडतो आणि बियाण्याच्या शेंगा मधल्या वेलांवर राखतो. एखादा दुर्मिळ वाण जपायचा असेल आणि जराही धोका पत्करायचा नसेल, तर कळ्या उमलण्यापूर्वी काही फांद्यांवर पातळ कापडाची पिशवी बांधावी. वाटाण्याला परागीकरणासाठी किडीची गरज नसल्याने पिशवीतही शेंगा व्यवस्थित धरतात. भोपळ्यासारख्या पिकात पिशवी बांधली की स्वतः हाताने परागीकरण करावे लागते. तो त्रास येथे नाही.

अंतरापेक्षाही जास्त उपयोगी पडते ती भेसळ वेलांची काढणी. बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यातून हंगामात तीनदा फिरावे. रोपे वीतभर झाल्यावर उंचीत आणि पानात वेगळी दिसणारी रोपे काढावीत, फुलोऱ्यात वेगळ्या रंगाच्या फुलांचे वेल काढावेत, आणि शेंगा धरल्यावर प्रत्येक वेलावरची एक शेंग तोडून चाखावी. चपट्या आणि स्नॅप वाणांत ही तिसरी फेरी चुकवून चालत नाही. सालीतला कडक पापुद्रा हा गुण संकरात वरचढ ठरतो, त्यामुळे सोलण्याच्या वाटाण्याशी संकर झालेल्या बीजापासून उगवलेला वेल पहिल्याच पिढीत चिवट शेंगा देऊन आपली ओळख पटवतो. तो तिथेच उपटला की वाण पुन्हा शुद्ध राहतो.

प्रश्न : घरच्या बियाण्यापासून उगवलेल्या एका वेलाच्या शेंगा मी वाळवल्या. एका शेंगेत सात दाणे गुळगुळीत गोल आणि दोन दाणे पूर्ण सुरकुतलेले निघाले. हा रोग आहे का?

उत्तर : रोग नाही. आपल्या हाती फार सुंदर गोष्ट लागली आहे, आणि ती शेंग टाकून दिली नसेल अशी आशा करतो.

प्रथम एक खात्री करून घ्यावी. शेंगेच्या टोकाशी असलेला एखादा अर्धवट भरलेला दाणाही वाळल्यावर आकसतो. तो लहान, हलका आणि चपटा असतो. आपले दोन दाणे जर इतरांच्याच मापाचे, वजनदार आणि सर्व बाजूंनी खोल सुरकुत्या पडलेले असतील, तर ते खरे सुरकुतलेले दाणे आहेत, आणि तो वेल गोल व सुरकुतलेल्या वाणांच्या संकरातून आलेला आहे.

याचा अर्थ असा की, संकर मागच्या हंगामातच केव्हातरी झाला. त्यातून झालेला दाणा दिसायला गोल होता, कारण गोलपणा हा गुण वरचढ असतो. तो दाणा सुरकुतलेल्या वाणाच्या शेंगेत असता तर वाळल्यावर एकटाच गोल म्हणून उठून दिसला असता. गोल वाणाच्या शेंगेत असल्यामुळे तो इतरांत बेमालूम मिसळून गेला. तो आपण पेरलात, आणि त्याच्या वेलावरील दाण्यांत मागे दबलेला गुण पुन्हा प्रकट झाला. दाण्याचा आकार हा सालीचा नसून आतल्या गर्भाचा गुण असल्यामुळे एकाच शेंगेत, एकाच देठावर, दोन्ही तऱ्हेची भावंडे शेजारी बसलेली दिसतात. मेंडेल यांनी अशाच संकरित वेलांवरचे ७,३२४ दाणे मोजले होते. त्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. आपल्या शेंगेतही सातास दोन हे प्रमाण त्याच्या बरेच जवळ जाते, पण एका शेंगेवरून हिशेब मांडू नये. पुढच्या शेंगेत सगळेच दाणे गोल निघू शकतात. त्या वेलावरच्या सर्व शेंगा सोलून एकत्र मोजून पाहा.

सुरकुती कशी पडते, हेही सांगून टाकतो. सुरकुतलेल्या दाण्यात पिष्ट तयार करणाऱ्या एका विकराचे जनुक बिघडलेले असते. त्यामुळे साखरेचे पिष्टात रूपांतर अपुरे होते, साखर साठून राहते, आणि ती जास्त पाणी ओढून घेते. कोवळा असताना असा दाणा टपोरा दिसतो, पण वाळताना जास्तीचे पाणी निघून जाते आणि साल सैल पडून चुरगळते. कोवळ्या शेंगेत म्हणूनच हा फरक ओळखू येत नाही.

हे बी पेरावे का, असेही आपण विचारले आहे. मूळ वाण शुद्ध ठेवायचा असेल तर या वेलाचा एकही दाणा त्या डब्यात जाऊ देऊ नये. त्या दाण्यांतील गोल दाण्यांपैकीही सुमारे दोन तृतीयांश दाणे सुरकुतीचा गुण पोटात बाळगून असतात. हौस असेल तर ते वेगळे पेरून पुढे काय निघते ते पाहावे. नवे वाण तयार होण्याची सुरुवात कित्येकदा अशीच झालेली आहे.

प्रश्न : प्रत्येक वाणाला वेगळे जिवाणूसंवर्धक लागते का?

उत्तर : नाही. वाटाण्याच्या सगळ्या वाणांच्या मुळांवर एकाच जातीचे रायझोबियम जिवाणू, म्हणजे हवेतील नत्र वेलाला मिळवून देणारे जिवाणू, गाठी धरतात. मसुरीलाही तेच चालतात. फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप हलकेच उकरून एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला की काम चालू आहे असे समजावे. अशा वेळी नत्रयुक्त खत दिल्यास वेल हिरवेगार होतात आणि शेंगा कमी धरतात.

प्रश्न : एका वाणावर भुरी आली आहे, शेजारचा वाण मात्र स्वच्छ आहे. तो वाचेल का?

उत्तर : वाचण्याची शक्यता चांगली आहे, कारण काही वाणांत भुरीला दाद न देण्याचा गुण जन्मजात असतो, अनेक वाण एकत्र लावण्याचा हा एक खरा फायदा आहे. भुरीची बुरशी पानावर पाणी साचलेले नसतानाही रुजते, त्यामुळे कोरडे दिवस आणि गार रात्री तिला मानवतात. दाटी कमी करावी आणि शेंगा देऊन संपलेले भुरीग्रस्त वेल लगेच काढून टाकावेत.

मर रोगाची गोष्ट वेगळी आहे. त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहते. फेरपालट करताना काही वाचक यंदाच्या वाणाच्या जागी पुढच्या वर्षी दुसरा वाण लावतात. ती फेरपालट नव्हे, जमिनीच्या दृष्टीने सगळे वाटाणे एकच पीक आहेत. तीन-चार वर्षे त्या जागी वाटाणा नको. पाने चट्टेरी होऊन आक्रसलेली दिसली आणि वेलावर मावा असला, तर त्या वेलाचे बी अजिबात धरू नये, कारण वाटाण्याचा एक विषाणूजन्य मोझॅक रोग माव्यातून पसरतो आणि बियांतूनही पुढच्या वर्षी जातो.

प्रश्न : शोभेसाठी सुगंधी स्वीट पी याच जाळीवर सोडावी का? तिचा संकर होईल का?

उत्तर : संकर होणार नाही, ती वेगळ्या प्रजातीची वनस्पती आहे. तरीही या जाळीवर ती नको. तिच्या बिया विषारी असतात आणि तिच्या लहान, लवदार शेंगा घाईघाईत, विशेषतः मुलांच्या हातून, टोपलीत येऊ शकतात.

प्रश्न : पावसाने पाट्यांवरची अक्षरे धुऊन गेली आणि आता कोणता वाण कुठे आहे हे कळत नाही. वेलांवरून ओळखता येईल का?

उत्तर : बऱ्याच अंशी येईल. पहिले फूल कितव्या पेऱ्यावर आले ते मोजा. लवकर येणारे वाण खालच्या नवव्या-दहाव्या पेऱ्यालाच फुलतात, उशिरा येणारे आणखी पाच-सहा पेरे वाढल्यावर. जांभळ्या फुलांच्या वाणांत पान जिथे खोडाला जुळते तिथेही बहुधा जांभळट वर्तुळ असते, त्यामुळे फुले नसतानाही ते ओळखू येतात. त्यानंतर एका देठावर एक शेंग आहे की दोन, शेंगेचे टोक बोथट आहे की अणकुचीदार, आणि साल मोडल्यावर पापुद्रा ताणला जातो का, हे पाहावे. उरलेली शंका वाळलेल्या दाण्याच्या रंगाने आणि आकाराने बहुतेक फिटते. ज्या वेलाबद्दल तरीही खात्री होणार नाही, त्याच्या शेंगा खाऊन टाकाव्यात, बियाण्यात घेऊ नयेत.

बियाण्याच्या शेंगा वेलावरच तपकिरी होऊन खुळखुळू लागेपर्यंत राखाव्यात आणि दाणे इतके वाळवावेत की हातोडीच्या घावाने ते चेचले न जाता फुटावेत. त्यानंतर हवाबंद बरणीत घालून एक आठवडा फ्रीझरमध्ये ठेवले की आत दडलेले भुंगेरे मरतात. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दाण्यांवर दव धरते. पाटीवर आणि बरणीवर नाव शिसपेन्सिलीने लिहावे. शाईपेक्षा ते पावसात आणि उन्हात जास्त टिकते. याशिवाय पेरणीच्या दिवशीच वाफ्याचा एक कच्चा नकाशा वहीत काढून ठेवावा. माझ्या वहीत असे नकाशे आहेत. फक्त त्या फसलेल्या मिश्र ओळीचा नाही, कारण तो काढण्यासारखा नव्हताच.